प्रतिसाद: हात वर जात नाही म्हणजे फ्रोजन शोल्डरच असं नाही

ताई, तुम्ही लिहिलंय आईंचा हात वर जात नाही, एक्स-रे नॉर्मल आला म्हणून फ्रोजन शोल्डर (खांद्याचा सांधा आखडणं) समजून मालिश सुरू केलंय. जरा थांबा. एक्स-रेत मुख्यतः हाडं कळतात, स्नायू आणि टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) नाही.

आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो, उत्तरायणला (संक्रांतीला) दोन दिवस पतंग उडवून आमच्या ह्यांचा खांदा असाच धरला होता. डॉक्टरांनी आधी ह्यांना स्वतः हात उचलायला लावला, निम्म्यातच कळ, मग ढिला सोडा म्हणाले आणि त्यांनी उचलला तर पूर्ण वर गेला! म्हणजे सांधा मोकळा, टेंडन दुखावलेलं. फ्रोजन शोल्डरमध्ये दुसऱ्याने उचलला तरी अडतो, आणि कोपर कमरेला लावून हात बाहेर फिरवताना तर सगळ्यात जास्त. सासूबाईंना तेच झालेलं, त्यांना डायबिटीस होता, 40 ते 60 वयात आणि शुगरवाल्यांना हे जास्त होतं, तेव्हा आईंची शुगर बघून घ्याच.

मानही तपासायला सांगा, मान वळवल्यावर कळ हातात उतरत असेल तर मूळ तिथे असू शकतं. तोवर हात ओढून जोराचं मालिश नको, प्लीज.