मदत हवी आहे: असोसिएशन हिशेबच दाखवत नाही

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावात टिळकवाडीत फ्लॅटमध्ये राहतो. मेंटेनन्स वेळेवर भरतो, पण दोन वर्षं ना सर्वसाधारण सभा, ना हिशेब. लिफ्ट गणपतीपासून बंद आहे. चौथ्या मजल्यावरच्या आजी जिन्याच्या प्रत्येक वळणावर भाजीची पिशवी टेकवून दम खातात, बघवत नाही हो. सेक्रेटरींना विचारलं की "बघू या" एवढंच. नोटीस फक्त कानडीत लागते, सासूबाईंना मीच वाचून दाखवते. आमच्या असोसिएशनची नोंदणी कर्नाटकच्या १९६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आहे, १९७२ च्या अपार्टमेंट कायद्याखाली नाही. मग तक्रार जिल्हा निबंधकांकडेच करायची ना? सभासदांच्या किती सह्यांवर सभा बोलावता येते? अर्ज मराठीत चालेल का? कुणी हे केलं असेल तर प्लीज सांगा.