छतातलं भोक आणि पांचो व्हिया

मेक्सिको सिटीतल्या 'ला ओपेरा' या जुन्या बारच्या छतात गोळीचं एक भोक दाखवतात. मेक्सिकन क्रांतीतला सेनानी पांचो व्हिया घोड्यासकट आत शिरला आणि त्याने पिस्तूल झाडलं, अशी ती आख्यायिका. व्हिया आणि क्रांतीतला दुसरा सेनानी झपाता डिसेंबर १९१४मध्ये फौजा घेऊन शहरात आले होते, हे पक्कं. राष्ट्रीय प्रासादात अध्यक्षांच्या खुर्चीवर बसलेल्या व्हियाचा प्रसिद्ध फोटो तेव्हाचाच. पण हा माणूस दारूला शिवत नसे! त्यामुळे गुत्त्यात शिरून धिंगाणा घातल्याची कथा मला जरा सावधपणेच घ्यावीशी वाटते. गंमत म्हणजे ही जागा १८७६मध्ये सुरू झाली ती फ्रेंच पद्धतीचं मिठाईचं दुकान म्हणून.

मला जास्त हळहळ वाटते ती 'एल निवेल'ची. राष्ट्रीय प्रासादाच्या अगदी शेजारची ही कांतिना, म्हणजे मेक्सिकन दारूचा गुत्ता; शहरातला कांतिनाचा पहिल्या क्रमांकाचा परवाना हिच्याकडे होता. २००८च्या सुरुवातीला ती बंद पडली. भोक दाखवणाऱ्या जागा टिकतात आणि अशा साध्या, खऱ्या इतिहासाच्या जागा जातात, हे वाईटच.

एक राहिलं. पेल्यासोबत येणारी 'बोताना', म्हणजे फुकट मिळणारं सूप, टाको वगैरे, हा जुन्या कांतिनांचा खरा जीव. दोनचार पेग झाले की जेवणच होतं. पण १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत राजधानीतल्या कांतिनांत बायकांना प्रवेशच नव्हता. त्या रम्य जुन्या काळाबद्दल बोलताना हेही सांगायला हवं.