२७ फेब्रुवारीला आमची लिहिणारी मुलं ऊसतोडीच्या फडावर असतात : वाङ्मय मंडळाचा मोठा कार्यक्रम बंद करावा का?

तासिका_मास्तर

बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका लहान महाविद्यालयात मी मराठी शिकवतो, तासिका तत्त्वावर. सहा वर्षं वाङ्मय मंडळ माझ्याकडे आहे. यंदा प्राचार्यांना सांगायचं ठरवलं आहे की, मराठी भाषा गौरव दिनाचा पाहुणे-मंडप-शाल असा कार्यक्रम नको. त्याचे पैसे आणि त्याची धावपळ दर शनिवारच्या लेखनतासाला द्या.

कारण सरळ आहे. कुसुमाग्रजांची जयंती २७ फेब्रुवारीला येते. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्चपर्यंत, कधी एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे त्या दिवशी माझ्या वर्गातली कितीतरी मुलं आईबापांबरोबर सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर पार कर्नाटकात ऊसतोडीच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांवर असतात. काही जण स्वतः कोयता धरतात, काही जणी धाकट्या भावंडांना सांभाळतात. गौरव दिनाला हॉलमध्ये बसतात ती गावात राहिलेली मुलं आणि सक्तीने आणून बसवलेले अकरावी-बारावीचे वर्ग.

कार्यक्रमाची वेळ अकराची. पाहुणे साडेबाराला पोचतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, मग तासाभराचं भाषण. स्वरचित काव्यवाचन सगळ्यात शेवटी, कारण ते मुलांचं. तोवर तीनच्या एसटीची वेळ झालेली असते. गेल्या वर्षी नऊ मुलांनी नावं दिली होती, चौघांना वाचायला मिळालं. उरलेल्या पाच जणांचे कागद माझ्या पिशवीत तसेच राहिले.

याउलट मागच्या जुलैपासून सप्टेंबरपर्यंत मी शनिवारी दुपारी एक रिकामी खोली मागून घेतली होती. दहा-बारा मुलं यायची. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, पुढच्या शनिवारी तेच पुन्हा लिहून आणायचं. एका मुलीने वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकण्याबद्दल एक पान लिहिलं. पहिल्या वेळी सुरुवातच 'ऊसतोड कामगारांचे जीवन अत्यंत खडतर असते' अशी होती. तिसऱ्या वेळी ते वाक्य तिने स्वतःच काढून टाकलं. राहिला तो वहीच्या मागच्या पानावरचा हिशोब: किती पेंढ्या बांधल्या, किती विकल्या, कोणी उधार नेल्या. वाचून संपलं तेव्हा खोलीत कोणी बोललं नाही. सहा वर्षांच्या कार्यक्रमांत असं एकदाही घडलेलं मी पाहिलं नाही.

ती मुलगी ऑक्टोबरच्या शेवटी फडावर गेली. फेब्रुवारीत निबंधस्पर्धेचं पहिलं बक्षीस 'मराठी भाषेचे भवितव्य' या विषयाला मिळालं, आणि त्यातले तीन परिच्छेद गाइडमधले होते.

तुमचं मत सांगा. विरोधात असेल तर जरूर सांगा.

रानजाई

सर, मी विरोधात आहे, आणि तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगते.

मी परभणी जिल्ह्यातल्या अशाच एका कॉलेजात शिकले. दुसऱ्या वर्षाला असताना गौरव दिनाला कविता वाचली. कविता बरी नव्हती, आज मला ती वाचवत नाही. पण त्या दिवशी माझे वडील पहिल्यांदा कॉलेजात आले. शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर ठेवून बसले होते. माझं नाव माइकवरून पुकारलं गेलं, प्राचार्यांनी पुस्तक हातात दिलं, फोटो निघाला. तो फोटो आजही घरात देवाच्या फळीवर आहे. पुढे एमएला पाठवायचं की नाही यावर घरात चार दिवस बोलणं चाललं, तेव्हा आईने तोच फोटो मामाला दाखवला.

शनिवारच्या तुमच्या खोलीत माझे वडील आले नसते. तिथे माझं लिखाण सुधारलं असतं हे मान्य. पण मुलगी लिहिते, म्हणजे काहीतरी मोलाचं करते, हे गावाला कळायला मंडप लागतो. मुलांना कदाचित लागत नसेल. मुलींना लागतो.

कागदवाला

मास्तरांच्या बाजूने एक मुद्दा. ही सवय वरून खाली आलेली आहे. भारतीय विद्यापीठ संघाच्या युवक महोत्सवात वाङ्मय विभागात काय असतं? प्रश्नमंजूषा, वक्तृत्व आणि वादविवाद. तिन्ही तोंडी. वाङ्मय म्हणायचं आणि त्यात लिहिण्याची एकही स्पर्धा नाही. विद्यापीठं त्याच धर्तीवर संघ निवडतात, आणि महाविद्यालयं तीच तयारी करून घेतात. मग जो मुलगा पाठ करून हातवारे करत बोलतो तो 'वाङ्मय मंडळाचा', आणि जो मागच्या बाकावर वहीत काही खरडतो तो कोणाचाच नाही.

वक्तृत्व वाईट नाही, मी स्वतः केलं आहे. पण ती वेगळी कला आहे. लेखनाला उसंत लागते, खाडाखोड लागते, आणि आपलं लिहिलेलं कोणीतरी दुसऱ्यांदा वाचेल याची खात्री लागते. एका दिवसाच्या कार्यक्रमात यातलं काहीच बसत नाही.

रानजाई, तुमचा फोटो मोलाचा आहे. पण त्या वर्षी तुमच्या कॉलेजात लिहिणाऱ्या आणखी किती जणी होत्या, ज्यांची पाळीच आली नाही?

औरंगपुरा

तीस वर्षं अध्यापन करून निवृत्त झालो. व्यासपीठ आणि लेखन यांना एकमेकांचे वैरी केलेलं मला पटत नाही.

आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण घ्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढलं, तेच पुढे मिलिंद. तिथे येणारी बहुतेक मुलं घरातली पहिली शिकणारी. तिथले म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिलं आणि मिलिंदच्या विद्यार्थ्यांनीच ते रंगमंचावर आणलं. दलित रंगभूमीचा इतिहास सांगताना आजही त्या नाटकाचं नाव आधी घ्यावं लागतं. त्याच शहरातून पुढे गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालवलं आणि कितीतरी नव्या हातांना छापील पान मिळालं. म्हणजे रंगमंचही होता आणि नियतकालिकही. एकाने दुसऱ्याला मारलं नाही.

मास्तर, तुमच्या कार्यक्रमाचा दोष पाहुण्यांच्या भाषणात आणि काव्यवाचन शेवटी टाकण्यात आहे. तो दुरुस्त करा. मुलांचं वाचन आधी घ्या, पाहुण्यांनी ते पूर्ण ऐकलंच पाहिजे अशी अट घाला आणि त्यांना फक्त त्यावर बोलायला सांगा. दिवसच मोडीत काढू नका. लहान गावात मोडलेली प्रथा पुन्हा उभी राहत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

गोरमाटी

मी लमाण तांड्यावरचा. घरी गोरबोली बोलतो. अकरावीत कविता नेली तेव्हा परीक्षक म्हणाले, भाव चांगला आहे, पण आधी शुद्ध मराठीत लिहून आण. मी आणली. शुद्ध झाली आणि मेली. त्यानंतर चार वर्षं मी काही लिहिलं नाही.

स्पर्धा म्हटली की परीक्षक आले, आणि परीक्षकाला वीस कागद एका तासात तपासायचे असतात. त्याला जे ओळखीचं वाटतं त्याला तो गुण देतो. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने ऐकून उतरवून ठेवल्या, बोलीसकट. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्या ओव्या शेतात किंवा जात्यावर सुचत असताना शेजारी परीक्षक बसलेला नव्हता, कान देऊन ऐकणारं माणूस होतं. मास्तरांची शनिवारची खोली मला त्या माणसासारखी वाटते. ती बंद पडू देऊ नका. मंडपाचं काय करायचं ते करा.

रानजाई

गोरमाटी दादा, तुमच्यावर जे झालं ते चुकीचंच होतं. पण बहिणाबाईंची गोष्ट पुढेही आहे. उतरवलेल्या ओव्या घरातच होत्या. डिसेंबर १९५१ मध्ये बहिणाबाई वारल्या, मग सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना ऐकवले, आणि अत्र्यांनी पुढाकार घेतला म्हणून १९५२ मध्ये पुस्तक आलं. गाव जमवून मोठ्याने सांगणारं कोणीतरी तिथेही लागलंच. आणि बहिणाबाईंना स्वतःला ते पाहायला मिळालं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मला मुलींचं कौतुक त्या समोर असताना, त्यांच्या कानांवर पडेल असं व्हायला हवं आहे.

समन्वयक

मी एका महाविद्यालयात अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं काम पाहते. मास्तर, थोडं व्यवहाराचं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी कार्यक्रमांचे अहवाल, उपस्थितीच्या सह्या, जिओटॅग केलेले फोटो लागतात. गौरव दिन साजरा करण्याबद्दल शासनाचं पत्र येतं, १४ ते २८ जानेवारीच्या भाषा संवर्धन पंधरवड्याचंही येतं, १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाचंही. तुम्ही 'कार्यक्रम नको' असं लिहून दिलंत, तर उद्या फाइल रिकामी दिसली की बोट तुमच्याकडे दाखवलं जाईल. तुमची नेमणूक दर वर्षी नव्याने होते हेही विसरू नका.

पण लेखनतास हाही उपक्रमच आहे. वही ठेवा, दर शनिवारी सह्या घ्या, एक फोटो काढा, कोणी काय वाचलं याची एक ओळ लिहा. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाला श्रेयांक (क्रेडिट) आहेत, तुमच्या विद्यापीठाच्या रचनेत त्याखाली हे बसवता येतं का ते विचारा. श्रेयांक मिळाला तर शनिवारची खोली तुम्हाला मागून घ्यावी लागणार नाही, वेळापत्रकातच येईल. आणि तुम्ही उद्या नसलात तरी ती राहील. माझी खरी काळजी तीच आहे.

फडावरून

मी ऊसतोडीच्या घरातला. आता पुण्यात नोकरी करतो. मास्तर, तुमची तळमळ कळते, पण एक गोष्ट खटकली.

आमच्याही सरांनी असा वर्ग घेतला होता. मी त्यात एक भुताची गोष्ट लिहून नेली. आमच्या गावच्या बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत, राहणाऱ्या म्हाताऱ्या भुताची, ज्याला पोहता येत नाही. मी तीन रात्री जागून लिहिली होती. सर म्हणाले, छान आहे, पण तू तुझ्या जगण्यावर का लिहीत नाहीस? फडावर लिही ना. पुढच्या वेळी मी टोळी नेणाऱ्या मुकादमावर लिहिलं, त्याच्याकडून आगाऊ घेतलेल्या उचलीवर लिहिलं. सगळ्यांनी डोळे पुसले. मला मात्र ती बारव हवी होती.

पाहुण्यांसमोर 'मराठी भाषेचे भवितव्य' लिहायला लावणं आणि शनिवारी 'तुझं दुःख लिही' म्हणणं, दोन्हीकडे विषय शिक्षकच ठरवतो. वाढे विकणाऱ्या मुलीचं पान चांगलं असेलच. पण तुमच्या त्या दहा-बारा जणांत कोणी प्रेमकथा, यंत्रमानवाची गोष्ट, विनोदी काही आणलं होतं का? आणलं तेव्हा खोलीत तशीच शांतता झाली का?

तासिका_मास्तर

फडावरून, तुमचा प्रतिसाद काल रात्रीपासून डोक्यात आहे. एका मुलाने क्रिकेटच्या सामन्यावर गोष्ट आणली होती. मी ती ऐकली, दोन चुका सांगितल्या आणि पुढच्या मुलीकडे वळलो. तो नंतर आला नाही. त्याला फोन करणार आहे. तुमची बारवेची गोष्ट कागदावर उरली असेल तर मला पाठवा, यंदाच्या पहिल्या शनिवारी तीच वाचू.

समन्वयक ताई, वहीचं पटलं. सह्यांचं रजिस्टर आजच आखतो आणि श्रेयांकाचं विभागात विचारतो. औरंगपुरा सर, पाहुण्यांना मुलांवरच बोलायला सांगायची कल्पना मी उचलतो. पण फेब्रुवारीत ऐकायला मुलंच नसतात, हा माझा मूळ प्रश्न त्याने सुटत नाही. २७ तारखेला शासनाच्या पत्रापुरता तासाभराचा कार्यक्रम ठेवीन. फडावरच्या मुलांनी मोबाइलवर आपल्या आवाजात काही वाचून पाठवलं तर तेव्हा ऐकवता येईल, असंही मनात आहे.

रानजाई

आवाज ऐकवा, पण टाळ्या तिच्यापर्यंत पोचणार नाहीत, सर.

फेब्रुवारी सोडायचा तर सोडा. मग मंडप सप्टेंबरमध्ये घाला. शाल, माइक, फोटो, सगळं तेव्हाच. मुलं असतात, आणि आईबापही तेव्हा गावातच असतात. फेब्रुवारीत तुम्ही कितीही मोठा कार्यक्रम केलात तरी ज्यांना बोलवायचं ती माणसं चारशे किलोमीटरवर असतात. माझे वडील आले, कारण आमच्याकडे ऊसतोड नव्हती, कोरडवाहू का होईना शेती होती. हे मी आजवर लक्षातच घेतलं नव्हतं.

तासिका_मास्तर

पोळ्याला सगळी घरं भरलेली असतात. पोळ्यानंतरचा पहिला शनिवार धरतो. पाहुण्यांच्या प्रवासखर्चाऐवजी तांड्या-वस्त्यांवरून पालकांना आणायला दोन जीप सांगाव्या लागतील, त्याचा हिशोब आज मांडला. मुलीचं पान वाचायचं की नाही हे तिला विचारून ठरवीन. हिशोबात उधारी ठेवणाऱ्यांची नावं आहेत, आणि त्यातले दोघं आमच्याच गावचे आहेत.