नाशिकला वाइन टेस्टिंग आणि सोबत सासूबाई: कसं जमवावं?

मुलुंडकरीण

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आमच्या लग्नाला पंधरा वर्षं होतायत. नवऱ्याच्या डोक्यात आलंय की यंदा हॉटेलात जेवत बसण्यापेक्षा नाशिकला एखाद्या वायनरीत दिवस काढू. मी लगेच हो म्हटलं. मग सासूबाईंसमोर विषय निघाला आणि त्या म्हणाल्या, "मीही येते. लहानपण द्राक्षबागेत गेलंय माझं, त्यांचं पुढे काय करतात ते बघू तरी." माहेर निफाडचं. वय ६९. चतुर्थी, गुरुवार सगळं कडक, घरात ऑम्लेटचा तवासुद्धा वेगळा. त्यामुळे हे वाक्य ऐकून नवऱ्याला ठसकाच लागला.

आता न पिणाऱ्या माणसाला तिथे अवघडल्यासारखं होतं का? गाडी काढावी की ट्रेन? आणि टेस्टिंगमध्ये नक्की करतात काय? मी आजवर वाइन प्यायले आहे ती ऑफिसच्या पार्टीत, प्लास्टिकच्या ग्लासातून, आणि ती मला कफ सिरपसारखी लागली होती. तिथे जाऊन येडपट दिसायचं नाहीये, एवढंच.

ठाणे_पूर्व

गाडी काढणार असाल तर चालवणाऱ्याने एक घोटही घ्यायचा नाही, हे घरूनच ठरवून निघा. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल गेलं की गुन्हा, आणि "फक्त चव घेतली हो" हे पोलीस ऐकून घेत नाहीत. आम्ही चौघे गेलो होतो, चिठ्ठी टाकली, माझं नाव आलं. दिवसभर लिंबू सरबत पीत धरणाकडे बघत बसलो. बायको अजून फोटो दाखवते त्याचे.

दादर_पश्चिम

मी तीनदा जाऊन आलोय, त्यातला पहिला अनुभव वाया गेला. तो का गेला तेच आधी सांगतो.

रविवारी दुपारी पोचलो. काउंटरवर तीन रांगा, ओतणारा पोरगा पाठ केलेलं घडाघडा म्हणत होता, शेजारी कुणाचा तरी बर्थडे. शिवाय आम्ही वाटेत चुलीवरची मिसळ हाणलेली, तर्री दोनदा मागून. जीभ इतकी बधिर की सहाच्या सहा वाइन मला गरम पाण्यासारख्या लागल्या. पैसे मिसळीचेच वसूल झाले.

तर आधी टेस्टिंग, मग मिसळ. जमलं तर मधल्या वारी, सकाळच्या पहिल्या बॅचला जा. अत्तर, परफ्यूम लावू नका, कारण या सगळ्या प्रकारात अर्धं काम नाकाचं असतं. ग्लासात जेमतेम दोन-तीन घोट ओततात. ग्लास खालच्या दांडीला धरायचा, म्हणजे हाताची ऊब वाइनला लागत नाही. जरा फिरवायचा, नाक आत घालायचं, मग छोटा घोट घेऊन तोंडात घोळवायचा. आवडली तर गिळा, नाहीतर काउंटरवर भांडं ठेवलेलं असतं त्यात थुंका. हो, थुंकायचंच असतं. आपल्याकडे ताटात टाकणं पाप, म्हणून पहिल्यांदा जिवावर येतं. पण सहाच्या सहा गिळल्यात तर पाचवी आणि सहावी यांत फरक कळणार नाही.

क्रम साधारण फसफसणारी, मग पांढरी, मग गुलाबी, मग लाल, शेवटी गोड असा असतो. कफ सिरपचं म्हणाल, तर ती बहुतेक मुंबईच्या उकाड्यात बाहेर ठेवलेली रेड असणार. 'रूम टेंपरेचर'ला प्यावी म्हणतात ती रूम युरोपातली, मुलुंडची नव्हे. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून बघा.

सासूबाईंची काळजी करू नका. वायनरीची टूर वेगळी असते; स्टीलच्या टाक्या, ओकची पिंपं बघायला पिण्याची सक्ती नाही. महाराष्ट्रात वाइनला वयाची अट २१ची आहे, वरची काहीच नाही :)

ट्रेनने जा. सीएसएमटीहून सकाळी वंदे भारत आणि तपोवन दोन्ही आहेत, मुलुंडकरांनी ठाण्याला चढावं. नाशिकरोड स्टेशन ते गंगापूर धरणाकडच्या वायनऱ्या वीसेक किलोमीटर पडतं. जाताना टॅक्सी मिळते, येताना तिकडून मिळेलच असं नाही, तेव्हा त्याच ड्रायव्हरशी परतीचं बोलून ठेवा.

गंगापूररोड

मिसळीवर आळ घेतल्याबद्दल नाशिककर म्हणून निषेध. बाकी दादरकरांचं बरोबर आहे.

एक भर घालतो. फेब्रुवारीत येताय हे उत्तम. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर (फळ धरण्यासाठी करतात ती) साधारण जानेवारी ते मार्च तोडणी चालते, तेव्हा वेलींवर घड दिसतात आणि आत टाक्या चालू असतात. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार, फोटो झकास, पण वेलींवर नुसती पानं. मे महिन्यात या आणि मग बोला. तोडणी भल्या पहाटे करतात, फळ थंड असताना आत जावं म्हणून. नऊ वाजता तुम्ही पोचाल तेव्हा क्रेट आत गेलेले असतील.

सुला वायनरी तर सगळ्यांना माहीत आहे. राजीव सामंतांनी १९९९मध्ये सुरू केली, २००० साली पहिली वाइन आली, २००५मध्ये टेस्टिंग रूम. जवळच यॉर्क आणि सोमा. सुलाने यॉर्क २०२१मध्ये घेतली, पण तिथे अजून जरा निवांत वाटतं. इगतपुरीकडे कावनईला व्हॅलोने आहे, मुंबईहून जवळ. आणि हे सगळं सुलापासून सुरू झालं असं तरुण पोरं म्हणतात ते खोटं. नारायणगावला ऐंशीच्या दशकातच फसफसणारी वाइन निघत होती.

सासूबाई निफाडच्या असतील तर त्यांना बागेत सोडा. गाईडचं काय होईल ते सांगता येत नाही.

मुलुंडकरीण

मंडळी, जाऊन आलो! सविस्तर लिहिते, कारण तुमच्यामुळे निभावलं.

मंगळवार सोडून बुधवार गाठला. परफ्यूमचं लक्षात ठेवून मी नवऱ्याची बाटलीसुद्धा लपवली. आणि कसाऱ्याच्या घाटात सासूबाईंचं डोकं दुखायला लागलं म्हणून त्यांनी कपाळभर बाम चोळला! टॅक्सीत काचा खाली करून बसलो. पोचल्यावर बेसिनवर साबणाने कपाळ धुवायला लावलं, तर म्हणतात कशा, "देवळात जातानासुद्धा एवढं सोवळं नसतं गं."

बागेत गाईड म्हणून पंचविशीतला एक मुलगा होता, इंग्रजीत सुरू झाला. सासूबाईंनी त्याला मध्येच थांबवून विचारलं, "गोडी छाटणी कधी केली रे?" तो बघतच राहिला, मग हसला आणि त्याच्यातला दिंडोरीकर बाहेर आला. पुढचा अर्धा तास आम्ही दोघं नवराबायको मागून चालत होतो.

त्याने एक घड तोडून दिला, शिराझचा, म्हणजे लाल वाइनच्या द्राक्षाचा. मणी एवढेसे, करवंदापेक्षाही लहान. सासूबाईंनी एक मणी नखाने फोडला, साल वेगळी करून अंगठ्यावर पसरली. अंगठा जांभळा झाला, गर मात्र पांढराच. मग बिया मोजल्या. तीन. "खायच्या थॉमसन द्राक्षाला बी नसतं," त्या मला सांगायला लागल्या, "आणि दादाच्या बागेत घड औषधात बुडवतात, डिपिंग म्हणतात, म्हणजे मणी फुगतो. इथे फुगवतच नाहीत." मुलगा म्हणाला, "बरोबर आजी. मणी लहान तर रसाच्या मानाने साल जास्त, आणि लाल वाइनचा रंग सगळा सालीत. सालीसकट आंबवली की लाल, साल काढून रस आंबवला की पांढरी." खायच्या द्राक्षाला १८ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) साखर पुरते, इथे २२ ते २४ होईपर्यंत थांबतात, कारण त्या साखरेचंच यीस्ट अल्कोहोल करतं. सासूबाईंनी मणी तोंडात टाकला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या लहानपणी भोकरी जातीची द्राक्षं असायची, त्यांनाही बिया. वडील ओंजळीत थुंकायला लावायचे, अंगणात पाय चिकटतो म्हणून."

टाक्या, पिंपं पटपट झाली. आत बरंच गार होतं, शाल आणलेली बरी पडली.

टेस्टिंगला त्या बाजूला बसल्या होत्या. सोव्हिन्यॉं ब्लॉं ही पांढरी वाइन ओतल्यावर मी आणि नवरा नाक घालून ज्ञानी चेहरे करतोय, वास कशाचा ते सुचत नाहीये. नवरा म्हणाला, "फ्रूटी आहे." फार उपकार! सासूबाईंनी माझा ग्लास ओढला, हुंगला आणि म्हणाल्या, "ढोबळी मिरची चिरलीय कुणीतरी. आणि पेरू." गाईडने हातातली बाटली खाली ठेवली. त्याच्या कार्डावर छापलेलं होतं: पेरू, हिरवी ढोबळी मिरची. मी स्वतः वाचून खात्री केली. पन्नास वर्षं रोज भाजी चिरणाऱ्या नाकापुढे आमचं काय चालणार. त्यानंतर तो प्रत्येक ग्लास आधी त्यांच्याकडे द्यायला लागला. पिंपातल्या लाल वाइनला "कातासारखं आणि जरा धुरकट" म्हणाल्या. प्यायल्या नाहीत. फक्त शेवटच्या गोड वाइनमध्ये, ती उशिरा तोडलेल्या, वेलीवरच सुकत आलेल्या द्राक्षांची होती, करंगळी बुडवून जिभेला लावली. "बेदाणे रात्रभर भिजत घातलेलं पाणी. बाळंतिणीला देतात ते." दादर_पश्चिम, मी सगळ्या थुंकले, पहिली सोडून. नवऱ्याने एकही नाही आणि परतीच्या गाडीत ठाण्यापर्यंत झोपला.

मिसळ नंतर खाल्ली. गंगापूररोड, निषेध मान्य.

सोव्हिन्यॉंची एक बाटली आणलीय. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा म्हणालाय, म्हणून पाहुणे येईपर्यंत उघडत नाही. फ्रिजच्या दारात लोणच्याच्या बरणीशेजारी उभी आहे. सासूबाईंची भिशी शनिवारी आमच्याकडे आहे, आणि आज सकाळपासून दोनदा विचारून झालंय, "ती ढोबळी मिरची शनिवारी बायकांना नुसती हुंगायला दिली तर चालेल का गं?"