चार्जरवर टच पॅड आपोआप दाबले जातात, मदत हवी आहे

ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर चिपच्या जीपीआयओ (इनपुट-आउटपुट पिन) ४ आणि २७ ला १२ मिमी व्यासाचे तांब्याचे पॅड जोडले आहेत, वर ३ मिमी अ‍ॅक्रिलिक. पॉवर बँकेवर टचचं रीडिंग ६२ ला स्थिर असतं, बोट ठेवलं की ५० वर येतं. (या चिपमध्ये स्पर्शाने आकडा घटतो, ईएसपी३२-एस२ आणि एस३ या चिपमध्ये वाढतो; उत्तर देताना कृपया हे लक्षात घ्या.)

दोन पिनी मोबाइल चार्जर लावला की बोट ठेवताच आकडा ४५ ते ७० मध्ये नाचतो. अर्थिंग असलेल्या अडॅप्टरवर सगळं शांत. म्हणजे चार्जरमधल्या वाय कपॅसिटरमधून (मेन्स आणि आउटपुट बाजूंना जोडणारा छोटा कपॅसिटर) येणारा कॉमन मोड नॉइज (दोन्ही तारांवर एकसारखा येणारा गोंगाट), हे जवळपास नक्की.

पिनजवळ १ किलोओहमचा सिरीज रेझिस्टर आणि १६ रीडिंगचा मेडियन (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) लावून पाहिला. फरक थोडाच पडला. दुहेरी टेपखाली हवेचा बुडबुडा राहिला होता, तो काढल्यावर मात्र सिग्नल स्पष्ट वाढला. अ‍ॅक्रिलिकपुढे हवेची परमिटिव्हिटी (जितकी जास्त, तितकी पॅडची कपॅसिटन्स जास्त) जेमतेम एक तृतीयांश, त्यामुळे हे आधी तपासावंच.

आता यूएसबी इनपुटवर कॉमन मोड चोक (असा नॉइज अडवणारी कॉइल) घालू, की मोजणीचा कालावधी वाढवू? पॅडमागचा सलग ग्राउंड (तांब्याचा थर) जाळीदार केल्याने नॉइज वाढेल का? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी चोकचं मूल्य (इंडक्टन्स) मायक्रोहेन्रीत सांगावं.