टर्मिनलवरून स्क्रीनशॉट काढून चढवणारी स्क्रिप्ट: चित्र काळे येते, लिंकही कधी कधी पोकळ निघते

सौद्याची_सकाळ (प्रश्न)

नमस्कार. कोल्हापुरातील शाहू मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानांना आम्ही हिशेबाचा प्रोग्राम पुरवतो. शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) करताना हमाली आणि तोलाई कोणत्या रकान्यात टाकायची, हे फोनवर समजावत बसण्यापेक्षा पडद्याचे चित्र काढून पाठवणे सोपे पडते. व्हॉट्सअ‍ॅपवर थेट चित्र टाकले की ते दाबले जाऊन बारीक आकडे पुसट होतात, म्हणून मी एक छोटी शेल स्क्रिप्ट (टर्मिनलच्या आज्ञा ओळीने चालवणारी फाईल) लिहिली होती. त्यात स्क्रॉट चित्र काढते, कर्ल ते आमच्या सर्व्हरवर चढवते आणि फाईलच्या नावावरून तयार केलेली लिंक एक्सक्लिप क्लिपबोर्डवर ठेवते.

अडचणी दोन आहेत. माझ्या संगणकावर नव्याने उबुंटू 22.04 ही लिनक्स प्रणाली बसवल्यापासून चित्र पूर्ण काळे येते. दुसरी तक्रार जुनी असून ती आधीच्या संगणकावरही होती: पडद्याच्या लहान तुकड्याचे चित्र बिनचूक चढते, पण पूर्ण पडद्याचे चित्र पाठवले की लिंक मिळते आणि समोरच्याने ती उघडली की फाईल सापडत नाही. स्क्रिप्ट मात्र एका शब्दानेही कुरकुर करत नाही. हंगामात सौदे चालू असताना असे झाले की दुकानदाराचा दुसरा फोन येतो, आणि तो पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजातला असतो.

रंकाळ्याकाठचा

लॉगिनच्या पडद्यावर आपले नाव निवडले की खाली कोपऱ्यात दातेरी चाक दिसते, तेथे ‘उबुंटू ऑन झॉर्ग’ निवडून आत जा. स्क्रॉट पूर्वीसारखे चालेल.

टर्मिनल_तालीम

वरचा उपाय चालेल, परंतु तो आजच्यापुरता आहे, म्हणून कारण सांगतो. पडद्यावर खिडक्या दाखवण्याच्या ज्या एक्स पद्धतीसाठी (झॉर्ग हे तिचेच रूप) स्क्रॉट लिहिले गेले, तिची अकरावी आवृत्ती 1987 सालची आहे आणि तिच्यात कोणताही प्रोग्राम संपूर्ण पडद्यावरचे वाचू शकतो. 2008 मध्ये सुरू झालेल्या वेलँड या नव्या पद्धतीने हे मुद्दाम बंद केले, आणि उबुंटू 22.04 सहसा वेलँडवरच उघडते. तेथे प्रत्येक प्रोग्रामला केवळ स्वतःची खिडकी दिसते आणि पडद्याचे चित्र हवे असल्यास ते डेस्कटॉपकडे मागावे लागते. स्क्रॉट मागत नाही, थेट वाचायला जाते, म्हणून त्याच्या हाती काळोख लागतो. आपण कोणत्या पद्धतीत आहात हे ‘एक्सडीजी सेशन टाइप’ या पर्यावरण चलाची किंमत टर्मिनलवर छापून पाहता येईल.

वेलँडसाठी पुष्कळ जण ग्रिम आणि स्लर्प ही चित्र काढणाऱ्या साधनांची जोडी सुचवतात. स्वे यासारख्या डेस्कटॉपवर ती सुरेख चालते, पण ग्रिमला लागणारी सोय ग्नोम, म्हणजे उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप, देत नाही, त्यामुळे तेथे या जोडीमागे वेळ घालवू नये. त्याऐवजी ग्नोम-स्क्रीनशॉट बसवून घ्यावे. भाग निवडण्याचा आणि फाईलचे नाव देण्याचा असे दोन्ही पर्याय त्याला टर्मिनलवरून देता येतात. एक्सक्लिपच्या जागी डब्ल्यूएल-कॉपी वापरावे.

आता दुसरी तक्रार, जी मला पहिलीपेक्षा अधिक गंभीर वाटते. सर्व्हरवर एन्जिनएक्स हा वेब सर्व्हरचा प्रोग्राम असेल, तर मूळ मांडणीत तो 1 एमबीपेक्षा मोठी विनंती स्वीकारत नाही आणि 413 क्रमांकाची चूक परत पाठवतो. लहान तुकडा या मर्यादेत बसतो, पूर्ण पडदा बसत नाही. आपली स्क्रिप्ट गप्प राहते, कारण सर्व्हरने नकार दिला तरी त्याचे उत्तर मिळाले एवढ्यावर कर्ल समाधानी असते आणि यशाचा शून्य परत करते. कर्लला ‘फेल’ हा पर्याय दिला की अशा वेळी ते 22 हा आकडा परत करते. परत आलेला आकडा तपासून, शून्य असेल तरच लिंक क्लिपबोर्डवर जाईल अशी अट घाला. चित्र चढले की नाही हे पाहण्याआधीच लिंक तयार करणे, हाच या स्क्रिप्टचा खरा दोष आहे. एन्जिनएक्सची मर्यादा वाढवणे हे त्यानंतरचे काम.

फाईल लहान करण्यासाठी जेपेगकडे मात्र वळू नका. त्यात अक्षरांच्या कडा विरघळतात, आणि देवनागरीत आधी अनुस्वार व रफार जातात. पीएनजीच ठेवून ऑप्टीपीएनजीने दाबली, तर एकही बिंदू न बदलता आकार थोडा कमी होतो.

पोटमाळा

विषयाला धरूनच एक शंका. या चित्रांत शेतकऱ्याचे नाव, गुळाच्या रव्यांचा (ढेपांचा) भाव आणि उचल हे सारे दिसत असणार. फाईलचे नाव तारीख-वेळेवरून पडत असेल, तर एक लिंक हातात असलेला माणूस सेकंद बदलत दुसऱ्या दुकानाच्या पट्टीपर्यंत पोहोचू शकतो. नाव यूयूआयडीजेनने (अंदाज न येणारे नाव देणारी आज्ञा) पाडावे आणि 30 दिवसांहून जुन्या फाईली सर्व्हरवरच्या क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे चालवणारी सोय) फाइंड या आज्ञेने पुसाव्यात. नावे झाकताना चौकोनी ठिपक्यांची धूसरता वापरू नये, कारण तिच्यामागचा मजकूर अनेकदा ओळखता येतो. इमेजमॅजिकने भरीव काळा पट्टाच मारावा. (काळे चित्र येण्याचा एवढा एकच उपयोग.)

सौद्याची_सकाळ

सर्वांचे आभार. सर्व्हर एन्जिनएक्सच निघाला आणि त्याच्या नोंदवहीत 413 ची रांग लागलेली होती, जी मी कधी उघडूनच पाहिली नव्हती. मर्यादा 8 एमबी केली, कर्लला ‘फेल’ दिला आणि चित्र काढण्याचे काम ग्नोम-स्क्रीनशॉटकडे सोपवले. फाईलचे नाव तारीख-वेळेवरूनच पडत होते, हे लिहिताना संकोच वाटतो; ते बदलले आहे. शिवाय चढवण्याआधी चित्र एकदा डोळ्यांसमोर यावे आणि होकाराची कळ दाबल्यावरच पुढे जावे, अशी पायरी मी घातली. आमच्या कार्यालयातील सहकाऱ्याला ती जाचक वाटते, पण आज सकाळीच त्या पायरीवर दुसऱ्या दुकानाची खातेवही उघडी असलेली दिसली, त्यामुळे तूर्त ती काढणार नाही.

एकच विचारायचे राहिले: ही स्क्रिप्ट कीबोर्डच्या शॉर्टकटवरून चालवली, तर होकार विचारायला टर्मिनलच नसते. तेथे काय करावे?

टर्मिनल_तालीम

झेनिटी वापरा. तिच्या ‘क्वेश्चन’ पर्यायाने होय-नाहीची छोटी खिडकी उघडते आणि होकार मिळाला की ती शून्य परत करते, त्यामुळे आपली अट आहे तशीच राहील.