थकल्या जिवाला घडीभर विसावा देणारा फुकटातला गेम: तुमचा कोणता? (अनुभव धागा)

घाटंजी तालुक्यातल्या एका गावात माझं मोबाईल दुरुस्ती आणि रिचार्जचं दुकान आहे. स्क्रीन गार्ड बसवून झाला की हमखास कुणीतरी म्हणतं, "भाऊ, एखादा गेम टाकून द्या ना. फुकटचा पाहिजे, डोकं शांत करणारा." सुरुवातीला मी प्ले स्टोअरवर जो सगळ्यात वर दिसेल तो टाकून द्यायचो. आठ दिवसांनी तोच माणूस परत यायचा. जाहिरातींनी जीव नको केलेला असायचा, किंवा डाटा दुपारीच संपलेला असायचा.

मग मी आधी विचारायला लागलो. कधी खेळणार? तिथे रेंज आहे का? फोन एकट्याचा की घरात सगळ्यांचा? या प्रश्नांची उत्तरं ऐकता ऐकता लक्षात आलं की जागलीवरच्या माणसाचा शांत गेम वेगळा आणि बाळंतिणीचा वेगळा. म्हणून हा धागा. सविस्तर लिहा. कधी खेळता, नेटशिवाय चालतो का, आणि फोन खाली ठेवताना कसं वाटतं, एवढं नक्की सांगा. शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते.

माझ्यापासून सुरू करतो. मी दुकानात 2048 खेळतो. चार बाय चारची पाटी असते. दोन आणि दोन सरकवून चार करायचे, चार-चारचे आठ, असं वाढवत न्यायचं. गॅब्रिएल चिरुल्ली नावाच्या 19 वर्षांच्या इटालियन पोरानं मार्च 2014 मध्ये एका शनिवार-रविवारात तो लिहिला आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला, म्हणून त्याच्या ढीगभर नकला सापडतात. त्यातली कमी एमबीची, नेटशिवाय चालणारी निवडा. सगळ्यात मोठा आकडा एका कोपऱ्यात धरून ठेवायचा आणि तिथून हलू द्यायचा नाही, एवढं जमलं की पुढचं जमतं. मला तो आवडतो कारण त्यात घड्याळ नाही. चार्जर मागायला गिऱ्हाईक आलं की फोन ठेवतो. दोन तासांनी उघडला तरी डाव जिथल्या तिथे असतो.

मानोरा तालुका, हरभरा-तूर

मी रातच्यानं ओलिताले जातो. आमच्या फिडरवर या हप्त्यात लाईन रातची हाये. तुषारचे पाईप एका जागी तीन-साडेतीन घंटे चालतात, मंग उचलून दुसरीकडे न्या लागतात. मधात झोपता येत नाई. मोटर कवा बंद पडंल त्याचा भरवसा नाई, अन् रोही-डुक्कर टपूनच असतात.

अगुदर मी व्हिडिओ पाहो. कानात आवाज असला का डुकराची चाहूल लागे नाई. एका रातीले हे मले लय महाग पडलं, धुऱ्याकडचा हरभरा सारा उकरून ठेवला. तवापासून ब्लॉक ब्लास्ट खेळतो, आवाज बंद ठिवून. आठ बाय आठची चौसष्ट घरं असतात. एका टायमाले तीन ठोकळे भेटतात, ते बसवा लागते. आडवी ओळ भरली का साफ, उभी भरली का साफ. आपण तासातासानं डवरत जातो अन् मांगं वावर कसं मोकळं दिसते, तसं वाटते मले ते. घाई नाई. ठोकळा हातात धरून पाच मिंटं कुत्र्याचं भुकणं आयकलं तरी चालते.

डाटा बंद करून खेळा, जाहिरातीचा तरास नाई होत. अन् उजेड कमी ठेवा, नाई तं किडे तोंडावर येतात. फोन ठेवताना मले काई वाटत नाई. हेच मले बरं वाटते.

धारणी तालुका, आशा सेविका

माझा फोन कामाच्या ॲप्सनी आणि फोटोंनी भरलेला असतो. नवीन गेमला जागाच नाही. म्हणून माझा गेम तो क्रोममधला डायनासोर. नेट नसलं की पाटीवर जो छोटा काळा प्राणी दिसतो ना, त्याच्यावर बोट टेकवा, तो पळायला लागतो. समोर निवडुंग आला की बोट टेकवून उडी मारायची. पुढे पुढे उडणारे पक्षीही येतात. 700 झाले की पडद्यावर रात्र होते. 2014 पासून हा क्रोममध्ये आहे आणि वेगळा उतरवावा लागत नाही. आमच्याकडे कित्येक पाड्यांवर टॉवर पोचत नाही, म्हणजे हा गेम कायम हजर!

मागच्या पावसाळ्यात एका पहिलटकरणीला घेऊन रात्री आरोग्य केंद्रात बसले होते. कळा लांबलेल्या. तिची सासू शेजारी थरथरत होती, मलाही मनातून भीती होती. मी तो डायनासोर काढला. सासूबाई वाकून बघायला लागल्या. त्या कोरकूत काहीतरी म्हणाल्या, मग मराठीत विचारलं, "ही घोरपड काऊन पळते?" मी त्यांच्या हातात फोन दिला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गेम खेळला असेल. दोन निवडुंग ओलांडले, तिसऱ्याला धडकल्या आणि हसल्या. पहाटे मुलगी झाली, दोन किलो सातशे ग्रॅम.

हा गेम शांत करतो का, ठाऊक नाही. धडक बसली की मन दचकतं. पण वाट बघण्याच्या वेळेला तो धरायला काठी देतो.

सेलू तालुका (वर्धा), निवृत्त शिक्षक

ही गेल्यानंतर रात्री दोन-अडीचला जाग येऊ लागली. वर्तमानपत्रातलं सुडोकू सोडवायची आम्हा दोघांना सवय होती. ती पेन्सिलीनं भरायची, मी पेनानं, आणि त्यावरून वाद व्हायचे. पण आमच्या गावात पेपर येतो दिवस वर आल्यावर. रात्री अडीचला तो कुठून आणणार? नातवानं फोनवर सुडोकू टाकून दिलं.

पुष्कळांना ते जपानी वाटतं. मूळ कोडं हॉवर्ड गार्न्स या अमेरिकन वास्तुविशारदाचं, 1979 साली एका कोडी-मासिकात आलं. 1984 मध्ये जपानात पोचलं आणि तिथे त्याला आजचं नाव मिळालं. 81 घरांपैकी किमान 17 आकडे दिलेले असावे लागतात, त्याहून कमी दिले तर उत्तर एकच राहत नाही. हे 2012 मध्ये संगणकाकडून प्रचंड मोजणी करून घेऊन सिद्ध केलं गेलं. मी गणिताचा मास्तर, मला हे वाचून फार आनंद झाला. सांगायला धावत स्वयंपाकघरात गेलो होतो.

फोनवरच्या सुडोकूत घड्याळ आणि चुका मोजणारा काटा असतो. सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही बंद करा. पेन्सिलीची खूण असते, तिच्यावर बोट ठेवलं की घरात बारीक आकडे लिहिता येतात. मी आता पेन्सिलीनंच भरतो.

(धागाकर्ता: सर, सायमन टॅथम यांचा कोड्यांचा संच फोनसाठी मोफत मिळतो. जाहिरात नाही, नेट नको, चाळीसच्या आसपास कोडी आहेत. त्यात सुडोकूचं नाव 'सोलो' असं आहे. दुकानात आलात की टाकून देतो.)

वरूड तालुका, संत्र्याची बाग

आमच्या घरी लुडो किंग. नवी मुंबईतल्या कंपनीनं 2016 मध्ये काढलेला. 2020 च्या टाळेबंदीत बाग फुटली होती, व्यापारी येत नव्हते, घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. तेव्हा माझी बहीण सुरतेहून खोलीचा नंबर पाठवायची आणि आम्ही चौघं चार ठिकाणाहून रात्री नऊला बसायचो. एकाच फोनवर आळीपाळीनंही खेळता येतो, त्याला नेट लागत नाही.

आजीला मात्र तो पटला नाही. ती जमिनीवर खडूनं पंचवीस घरं आखून चिंचोक्यांवर चंग-अष्टा खेळायची. चिंचोके मधोमध घासून एक बाजू पांढरी केलेली. फोनवरचा फासा फिरताना बघून ती म्हणाली, "हा फासा टाकते कोण?" मी म्हटलं, फोन टाकतो. "मंग जिंकते बी तोच," असं म्हणून ती उठून गेली. तिचे चिंचोके अजून माझ्याकडे डबीत आहेत. लाईट गेली आणि फोनही उतरलेला असला की मुलं तीच डबी मागतात.

लाखांदूर तालुका, धानपट्टा

बाळ आठ महिन्यांचं आहे. रात्री दोनदा उठते. त्याला पाजून निजवलं की माझीच झोप उडालेली असते. कँडी क्रश खेळते मी. बाकीचे लोक त्यातली पाच हृदयं संपली म्हणून चिडतात, पैसे देऊन विकत घेतात. मला तर ती हृदयं संपण्याचाच आधार आहे. एक संपलं की परत यायला तीस मिनिटं लागतात, म्हणजे पाचही भरायला अडीच तास. संपली की मी निजते. सासूबाईंनी एकदा हटकलं होतं. त्यांना सांगितलं, आई, गेमच मले झोप म्हणते. पैसे भरायचं बटन मी आजवर दाबलं नाही, आणि यांच्या फोनवरून यूपीआयही जोडलेलं नाही.

अर्जुनी मोरगाव, शिक्षिका

मुलांच्या गोळीबाराच्या गेमबद्दल इथे कुणी लिहिलं नाही ते बरं झालं. सातवीतला पोरगा रात्री हरला की सकाळी वर्गात गुरकावतो. तो विसावा नव्हे. एवढंच म्हणायचं होतं.

हिंगणघाट तालुका, स्पर्धा परीक्षा

पुण्यात तीन वर्षं काढून घरी परत आले आहे. दोन गुणांनी मुख्य परीक्षा हुकली, ते कुणाला सांगावंसं वाटत नाही. वडील वावरात, आई वेचणीला, मी दिवसभर पुस्तकांसमोर.

जुलै 2025 मध्ये नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषक जिंकली, कोनेरू हंपीला हरवून, आणि त्याच विजयानं ग्रँडमास्टर झाली. आमच्या गावात त्या दिवशी कुणीही बुद्धिबळाबद्दल बोलत होतं. मी लहानपणी काकांकडून शिकलेले. त्याच आठवड्यात लिचेस हे बुद्धिबळाचं ॲप टाकलं. ते सुरुवातीपासून मोफत आहे, एकही जाहिरात नाही, देणग्यांवर चालतं.

पण सांगण्यासारखी गोष्ट पुढे आहे. माणसांविरुद्ध पाच-पाच मिनिटांचे डाव खेळले की मला निकालाचाच दिवस आठवायचा. रेटिंग उतरलं की पोटात गोळा. मग मी डाव सोडले आणि नुसती कोडी सोडवू लागले. पांढऱ्याची खेळी, मार्ग शोधा. कुणी समोर नाही. झेन मोड नावाची सोय आहे, ती चालू केली की नावं-रेटिंग सगळं लपतं, उरतो फक्त पट. दिवसाला दहा कोडी, दुपारी ऊन उतरेपर्यंत. एखाद्या कोड्यात घोडा बळी दिला की तीन चालींनी मात होते, ते दिसतं तेव्हा डोळ्यांवरून काहीतरी बाजूला सरल्यासारखं होतं. अभ्यासाला परत बसता येतं. पुढची पूर्व परीक्षा देते आहे.

गाव लिहीत नाही, बुलडाणा जिल्हा

सगळ्यांचं वाचलं. मी लिहू का नको, असं दोन दिवस चाललं होतं.

मी पण फुकटच्या गेमपासूनच सुरू केलं होतं. पत्त्यांचा. पहिले नुसत्या टोकनवर. मग त्यांनीच पन्नास रुपये बक्षीस दिले. सोयाबीनचे पैसे खात्यात आले त्या महिन्यात मी एकेचाळीस हजार घालवले, सगळे रात्री अकरा ते तीनच्या मधात. तेव्हाही मी घरी हेच सांगायचो, डोकं हलकं करतो. डोकं हलकं होत नव्हतं. फोन ठेवताना हात थरथरायचे. धागाकर्त्यानं तिसरा प्रश्न विचारला म्हणून हे लिहितो आहे.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदीचा कायदा केला, माझ्या फोनमधला तो गेम त्यानंतर बंद झाला. बायकोला सगळं सांगितलं. कर्ज अजून फिटलेलं नाही. आता रंगीत पाण्याच्या नळ्यांचा एक गेम आहे, एका नळीतलं पाणी दुसरीत ओतून रंग वेगळे करायचे, तो खेळतो, पण दहा मिनिटं झाली की मुलीला सांगून ठेवलं आहे, तिनं फोन मागायचा. ती मागते.

(धागाकर्ता: दादा, लिहिलंत, फार बरं केलंत. कुणालाही असं झालं असेल तर 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी नंबर आहे. मोफत, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी तो दुकानात काचेवर लावला आहे.)

चंद्रपूर जिल्हा, वनरक्षक

आमच्या कुटीवर सोलरची एक प्लेट आहे. वायरलेस सेट, दोन बल्ब आणि फोन, सगळं तिच्यावर. दिवसभर पायी गस्त, उन्हाळ्यात पाणवठे बघायचे. संध्याकाळी डोळे मिटले तरी पायवाटच दिसते.

मी आल्टोज ओडिसी खेळतो. अँड्रॉइडवर मोफत आहे. वाळूच्या टेकड्यांवरून एक माणूस घसरत जातो, मागे सूर्य मावळतो, चंद्र येतो, कधी पाऊस. त्यात झेन मोड आहे. गुण नाहीत, नाणी नाहीत. पडलं तर माणूस उठतो आणि पुन्हा चालू लागतो. संगीतही सुंदर आहे, पण मी बंद ठेवतो. कुटीच्या भोवती रात्री सांबर ओरडलं तर ते ऐकू यायला हवं. बॅटरी बरीच खातो, म्हणून दहा-पंधरा मिनिटंच.

ती वाळू मी कधी पाहिलेली नाही. पण रोज तिथे जाऊन येतो.

मानोरा तालुका, हरभरा-तूर

पुन्हा मीच. बुलडाण्याच्या भावासाठी लिवतो. भाऊ, आमच्याकडं येनं तुले लांब नाई. ओलित आणखी पंधरा-वीस रोज चालनार हाये. माह्या वावरात मचाण हाये, चहाचं सामान हाये, शेकोटी असते. रातच्याले झोप आली नाई तं ये. पाईप उचलाले मले बी एक जोडीदार पाहिजेच. धागावाल्या भाऊकडं माहा नंबर हाये, त्याले माग.

लाईन आली. जातो.